विमानाचे पाय आणि आमचं दुधाचं पातेलं

"दुधाच्या पातेल्यात काय शिजवतेस गं?"

"पाय."

"कुणाचे?"

"विमानाचे."

लग्न होऊन मी ह्या घरात नुकतीच आले होते. पलीकडच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते आणि कान स्वयंपाकघरात ठेवले होते. नव्या सुनेला घर कळायचं तर दुसरा मार्ग कुठला? सासूबाई आणि माझ्या नणंदबाई, दोघींचे आवाज खणखणीत. समोरच्याला ऐकू जावं म्हणून नव्हे, गल्लीला ऐकू जावं म्हणून बोलायच्या.

"विमानाला पाय असतात होय? आणि ते उकडून खायचे असतात?"

"नायलॉनचे ठोकळे आहेत आई. त्यात चाकांच्या दांड्या बसतात. उकळले की चिवट होतात. नकाशाबरोबर तसं लिहूनच आलंय."

"माझ्या पातेल्याला वास लागला ना, तर उद्याचा चहा तू तुझ्या विमानात बसून पी."

"तुलाही बसवणार आहे मी त्यात."

"मी नाही बसत मेली! लोकांच्या मुली वेड घेतात ते ओंजळभर, आमचीनं घेतलंय आभाळभर. घरात नवी सून आलीय, तिला काय वाटेल? नणंद शेगडीवर विमान शिजवते!"

"तिला काही वाटत नाही. ती भिंतीला कान लावून ऐकतेय."

मी चादर तोंडात कोंबली. हसू बाहेर गेलं असतं तर पहिल्याच आठवड्यात माझी शोभा झाली असती.

मग भांड्यांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, आणि सासूबाई एकदम खालच्या पट्टीत बोलल्या. "झालं का शिजवून? मग असं ओलं टाकून जाऊ नकोस. नीट पूस, कागदात गुंडाळ आणि शेगडीवरच्या फळीवर ठेव. चांगली वस्तू कोरडी ठेवावी."

भांडण तिथंच मिटलं. सासूबाईंचं असंच होतं. तोंडानं नाही म्हणायच्या आणि हातानं जागा करून द्यायच्या.

त्या फळीबद्दल सांगायला हवं. आमचं घर सखल भागात. भिंतींना बारा महिने ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी. कोरडी जागा घरात एकच, शेगडीच्या वरची फळी. तिथं काड्यापेट्या, मीठ, बियाणं, ह्यांचे शाळेचे दाखले. जे जे जपायचं ते ते फळीवर. तिथं विमानाच्या ठोकळ्यांना जागा मिळाली म्हणजे वन्संच्या वेडाला घरात जागा मिळाली, एवढं मला नवखीलाही कळलं.

वन्सं ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. ओसरीत भलंमोठं शिलाई मशीन, हाताला दाभण आणि सुतळीचे घट्टे, आणि अंगाला मेणकापडाचा वास. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एक स्थळ आलं होतं, पण त्याला उंची झेपेना." गावाबाहेर गवताचं एक मैदान होतं, तिथं हौशी मंडळी स्वतःची विमानं स्वतः बांधायची. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. त्या कापडासाठी वन्संना बोलावणं गेलं आणि त्या तिथल्याच झाल्या. लोकांचे पंख शिवून दिले, त्याच्या बदल्यात उडायला शिकल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, परक्यांचे पंख किती दिवस शिवायचे?

तिथं पाच जणांनी एकाच नकाशावरून पाच विमानं बांधली. त्यातलं एक वन्संचं. मैदानावर त्यांना सगळे ताडपत्रीवाली म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि त्या ओ द्यायच्या. विमानाच्या पोटाखाली दोन नायलॉनचे ठोकळे, त्यात चाकांच्या दांड्या घट्ट आवळलेल्या. विमान उतरलं की दणका आधी ठोकळ्यांना बसणार, मग राहिलेला माणसाला. म्हणून त्यांना आम्ही पाय म्हणायचो. गुडघे म्हणायला हवं होतं खरं तर.

ओल्या दिवसांत मैदान बंद असायचं. बाकीचे चौघे आपापली विमानं गळक्या शेडमध्ये तशीच उभी सोडून जायचे. वन्सं मात्र ठोकळे काढून घरी आणायच्या, पुसायच्या, कागदात गुंडाळून फळीवर ठेवायच्या. खाली शेगडी दिवसभर धगधगत असायची. शेजारीच एक जादा जोडीही ठेवलेली, अडीनडीला असावी म्हणून. लोकरीचे कपडे जपतात ना, तसे ठोकळे जपले त्यांनी. सासूबाई गेल्या, त्यानंतरही जपले. जास्तच जपले म्हणा.

सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. हंगामातलं पहिलं उड्डाण. सकाळी इतकी थंडी की गवत पायाखाली कुरकुर वाजत होतं. हे आणि मी कुंपणापाशी उभे. वन्सं वर गेल्या, मैदानाला वळसा घातला आणि उतरल्या. कशा उतरल्या ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. झोपलेलं लेकरू आपण कडेवरून गादीवर ठेवतो, तशा.

आणि काड्‌ असा आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा.

एक पाय दुमडला, विमान कलंडलं, पंखाचं टोक गवतात रुतलं, पुढचा पंखा जमिनीला लागून त्याचे तुकडे उडाले. हे धावले. मी धावले ती चप्पल सोडून. आम्ही पोचेपर्यंत वन्सं स्वतःच बाहेर आल्या होत्या. कपाळावर टेंगूळ. पहिलं वाक्य काय असावं?

"कोण हसतंय?"

कुणीच हसत नव्हतं हो. पण विचारून ठेवलं.

मैदानाचा कारभार दातांच्या डॉक्टरांकडे होता. त्यांचंही विमान त्या पाचांतलंच. माणूस वाईट नव्हता, पण रोज लोकांना आ करायला लावून लावून, समोरच्यानं ऐकूनच घ्यायचं असतं अशी सवय लागली होती. ते ठोकळ्याचे तुकडे हातात घेऊन म्हणाले, "जोरात आपटलंत बाई."

"मी आपटलं नाही."

"पाच विमानं, सगळ्यांना नायलॉनच्या एकाच दांड्यातून कापलेले ठोकळे. चौघांचे शाबूत. मग मोडलं ते ठोकळ्यामुळे, की उतरणाऱ्यामुळे?"

"मी आपटलं नाही, डॉक्टर."

"मग काय झालं?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून खोटं बोलू?"

डॉक्टर म्हणाले, रविवारी सगळ्यांची बैठक आहे. बाईंनी तिथं कबूल करावं की उतरताना चूक झाली. मग वर्षभर शिक्षकाबरोबर बसावं, पुढचं पुढे बघू. कबूल नसेल, तर ह्या मैदानावर बाईंचं विमान उडणार नाही. आणि दुसरं मैदान आमच्या पंचक्रोशीत नव्हतं.

घरी येताना हे म्हणाले, "ताई, हो म्हणून टाक ना. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

"एकाच वाक्याचा आहे. आज मी आपटलं म्हटलं, की पुढे जे जे मोडेल ते मीच आपटलेलं असेल. बाईनं आपटलं. ताडपत्रीवालीनं आपटलं. वारा सुटला तरी मीच."

"मग उडणं जाईल तुझं."

"जाऊ दे. पण मी घालवलं असं होणार नाही."

असं म्हणाल्या खऱ्या, पण दोन दिवस मशीनवर बसल्या त्या नुसत्या बसल्या. ताडपत्री पुढ्यात तशीच. मी चहा नेला तर निवून साय आली. त्यांचं उडणं जाणार ह्याचं मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती ही, की त्यांचा स्वतःवरचा विश्वास जातोय की काय. कारण संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "तू बघत होतीस ना गं? खरंच नव्हतं ना आपटलं?"

"वन्सं, माझ्या हातून दुधाचं भांडं ओट्यावर जास्त जोरात टेकतं."

ते ऐकून उठल्या. फळीवरची जादा जोडी काढली, हातोडा घेतला आणि मोरीतल्या फरशीवर ठोकळा ठेवून मारला सणसणीत. ठोकळा खडीसाखरेसारखा फुटला. दुसरा ठेवला. तोही फुटला. वन्संचा चेहरा उजळला.

"दांडाच खोटा! बघितलंस? ज्यानं विकला त्याला आता सोडत नाही मी."

मी म्हटलं, "पण त्याच दांड्याची चकती पिंपाखाली आहे की."

मोरीत पाण्याचं पिंप होतं, लोखंडी घडवंचीवर. घडवंचीचा एक पाय आखूड. ठोकळे कापले तेव्हा उरलेली चकती ह्यांनी त्या पायाखाली सारली होती. तेव्हापासून ती तिथंच, पाण्याच्या ओघळात, शेवाळानं हिरवी झालेली. आम्ही दोघींनी पिंप कलतं केलं, चकती ओढून काढली, फरशीवर ठेवली. वन्संनी हातोडा हाणला. हातोडा असा उसळला की नळाला जाऊन लागला. चकतीला काही नाही! पुन्हा मारला, पुन्हा उसळला. मग मला म्हणाल्या, तू मार. मी मारला. नवऱ्यावरचा, शेजारणीवरचा, सगळा राग काढून मारला. चकती जशीच्या तशी.

आम्ही दोघी ओल्या मोरीत फतकल मारून बसलो. एकाच दांड्याची भावंडं. एक पाण्यात वाढलं ते मोडेना, एक शेगडीवर जपलं ते हातोड्याच्या एका घावात संपलं.

"ह्याला ओल लागते," वन्सं हळूहळू म्हणाल्या. "ह्याच्या पोटातली ओल गेली की हा ठिसूळ होतो. म्हणून तर उकळायला सांगितलं होतं. आणि मी उकळून, पुसून... दरवर्षी..."

वर फळीकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. ते जुनं भांडण आम्हा दोघींनाही एकदमच आठवलं असणार. चांगली वस्तू कोरडी ठेवावी.

मग म्हणाल्या, "फळीचं आईनं सांगितलं होतं, हे कुठं बोलायचं नाही."

"मग बैठकीत काय सांगणार?"

"सगळं सांगणार. फळी माझी म्हणून सांगणार."

रविवारी वन्सं मैदानावर गेल्या त्या एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. बैठक चहाच्या टपरीमागच्या खोलीत. बाकांवर दहाबारा जण, सगळे पुरुष. मी दाराशी. डॉक्टर म्हणाले, "बसा बाई. काय ठरलं?"

"बसत नाही. आधी फरशीवरून पाय उचला."

पिशवीतून विमानाचा न मोडलेला दुसरा ठोकळा काढला, तोही फळीवरचाच. खाली ठेवला, हाणला. तुकडे बाकाखाली गेले. मग ओली चकती ठेवली, हाणली. हातोडा उसळला तशी पुढची रांग मागे सरकली. मग त्यांनी सांगितलं. ओल, शेगडी, फळी, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

एक जण म्हणाला, "मग आमचे कसे नाही मोडले?"

"तुमची विमानं गळक्या शेडमध्ये भिजत पडली होती म्हणून. आळशी माणसाचं नशीब दांडगं असतं."

डॉक्टरांनी तुकडा उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, किडका दात बघावा तसा. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी चूक तुमचीच."

"माझीच."

"मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

"तुम्ही म्हणत होतात मी आपटलं. मी आपटलं नाही, मी जपलं. चूक जपण्यात झाली. दोन्हींत फरक आहे डॉक्टर. उतरणं मला येतं."

"शेगडीवर ठेवायची अक्कल कुणी दिली पण?"

मी दाराशी होते. मी वन्संकडे बघितलं.

"कुणी नाही," वन्सं म्हणाल्या. "माझीच."

मग कुणीतरी सुचवलं, आता लोखंडाचेच ठोकळे लावा, कटकट मिटेल. वन्सं त्याच्याकडे वळल्या. "लोखंड मोडत नाही. मग दणका जातो कुणाला? माझ्या मणक्याला. ठोकळा मोडला, मी मोडले नाही, त्यानं त्याचं काम केलं. मी नायलॉनच लावणार. फक्त आता माझ्या मर्जीनं नाही, त्याच्या मर्जीनं ठेवीन."

डॉक्टर नाही म्हणू शकले नाहीत, पण लगेच हो तरी कसं म्हणणार? म्हणाले, नवे ठोकळे बसवा. पण आधी शेजारच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून, वजनासकट उतरून दाखवा.

"वाळू कशाला? आमची भावजय आहे की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा अंगानं भरलेली होते. नाही कशाला म्हणू?

नवे ठोकळे उकळले ते दुधाच्याच पातेल्यात. आणि मग त्याच पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवले, हिवाळा सरेपर्यंत. दूध दुसऱ्या भांड्यात गेलं. ठोकळे पाणी पिऊन केसभर फुगले, तर वन्संनी भोकं पुन्हा घासून घेतली. पंख शिवला, पुढचा पंखा नवा बसवला. आणि ऊन पडलं तशी एका सकाळी मला विमानात कोंबलं.

वरून काय दिसलं ते मला विचारू नका, मी डोळे मिटले होते. पहिल्यांदा उतरलो ते मला कळलंच नाही, वन्संनी सांगितलं तेव्हा डोळे उघडले. पुन्हा वर. पुन्हा तसंच, लोण्यात सुरी जावी तसं. कुंपणापाशी डॉक्टर, हे आणि बाकीची मंडळी उभी. मला वाटलं झालं. वन्सं म्हणाल्या, "घट्ट धर."

"का?"

"सांगते खाली गेल्यावर."

तिसऱ्यांदा विमान खाली आलं ते आलं असं म्हणता येणार नाही. पडलं. माझी कवळी तेव्हा नव्हती म्हणून, नाहीतर हरवलीच असती. विमान उसळलं, आदळलं, आणि गडगडत डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं. दोन्ही पायांवर. सरळ.

वन्संनी डोकं बाहेर काढलं. "डॉक्टर, याला आपटणं म्हणतात!"

डॉक्टरांनी वाकून दोन्ही ठोकळे बघितले. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, दात शाबूत ना सगळे?"

"सध्या आहेत," मी म्हटलं. "ह्यांच्या घरात राहून किती दिवस टिकतील ते सांगता येत नाही."

त्यानंतर वन्सं कितीतरी वर्षं उडल्या. आणि दर वर्षी हंगामाच्या तोंडावर त्यांचा एक नेम होता. घरी पातेल्यात भिजलेले नवे ठोकळे बादलीत घालायच्या, वर पाणी, वर झाकण, आणि बसनं मैदानावर. जुने काढायच्या, नवे बसवायच्या. मग काढलेले जुने सगळ्यांसमोर फरशीवर ठेवून हातोड्यानं हाणायच्या. उसळला की ठीक. हळूहळू बाकीचे चौघेही आपापले जुने ठोकळे घेऊन रांगेत उभे राहायला लागले, डॉक्टरही. कुणाचा चिरला तर वन्संचं एकच वाक्य, "फार जपलंत वाटतं."

बसमध्ये नेहमीचं ठरलेलं. कंडक्टर विचारायचा, "बादलीत काय आहे?" त्या म्हणायच्या, "पाय." आणि शेजारचा माणूस उठून मागे जायचा. मांडीवर बादली घेऊन बसायला मग ऐसपैस जागा.

पुढे डोळे अधू झाले तसं उडणं त्यांनी आपण होऊन थांबवलं. कुणी सांगायच्या आत. विमान डॉक्टरांच्या मुलीला दिलं. ती शाळेत शिकवते आणि रविवारी उडते. पण ठोकळे बदलायचं काम काही दिलं नाही. "पंख तुझे, पाय माझे," म्हणायच्या.

शेवटची फेरी ह्याच हिवाळ्यातली. शेवटची आहे हे ना त्यांना ठाऊक, ना मला. सकाळी पातेल्यातून ठोकळे काढले, बोटांनी चाचपले, बादलीत घातले. मी म्हटलं, बरोबर येते. म्हणाल्या, "तू आलीस तर शेजारची जागा कोण रिकामी करणार?" आणि गेल्या. दुपार कलल्यावर परत आल्या, पदराला ग्रीस, हातोडा काखेत.

"उसळले?"

"दोन्ही. त्या पोरीला मारायला लावले मी. हात चांगला आहे तिचा."

मी चहा टाकला. तेवढ्यात त्या बादली घेऊन मोरीत गेल्या. पिंपाखालची जुनी चकती झिजून पिंप पुन्हा डुगडुगायला लागलं होतं, मी महिनाभर कुरकुरत होते. त्यांनी मला हाक मारली, मी पिंप कलतं धरलं, आणि त्यांनी जुन्या ठोकळ्यांपैकी एक त्या आखूड पायाखाली सारला. दुसरा कोपऱ्यात पाण्याच्या ओघळात ठेवला, अडीनडीला असावा म्हणून. मग पिंपाला दोन्ही हातांनी एक धक्का देऊन बघितला.

"हलतंय?"

"नाही."

"मग चहा आण," म्हणाल्या, आणि हात धुवायला बसल्या.